एकट्याच आहात ना? मग सरका जरा!

शनिवार-रविवार एकटीनेच कुठेतरी जाऊन यावं, असं मनात आलंय? फारच छान. मी नुकतीच छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले, कल्याणहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने. पाठ अजून धरलेलीच आहे, म्हणजे सल्ले अगदी ताजे आहेत. लिहून घ्या.

तिकीट वेळेवर काढू नका. मी काढलं होतं. ६० दिवस आधी आरक्षण उघडतं, म्हणून सकाळी आठच्या ठोक्याला, गॅसवर दूध ठेवून, मोबाइल घेऊन बसले. दूध उतू गेलं, पण बर्थ मिळाला. एस-फाइव्ह, २५, लोअर. एकट्या बाईने पंचेचाळिशी ओलांडली की रेल्वे खालचा बर्थ द्यायला बघते, वय वाढल्याचा तेवढाच फायदा. तर हा वेडेपणा तुम्ही करू नका, कारण तो बर्थ तुमचा नसतोच. डब्यात जे सर्वात मोठं कुटुंब चढेल त्याचा तो असतो. तुम्ही फक्त ते येईपर्यंत राखण करायची.

माझ्या वाट्याला सहा जण आले. मी चादर अंथरत होते, तोवर माझ्या उशीवर ठेपल्यांचा डबा आला होता. ‘ताई, तुम्ही एकट्याच ना?’ हा प्रश्न नसतो बरं का, निकाल असतो. ‘आमच्या आईंचे गुडघे आहेत.’ गुडघे मलाही आहेत, पण माझ्या गुडघ्यांसोबत पाच माणसं नव्हती. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने बॅग उचलली. बदल्यात काय मिळालं? एस-टू, ८ नंबर, साइड अप्पर. संडासाच्या दाराला लागून. तीन डबे ओलांडून, लोकांच्या चपला आणि झोपलेले पाय चुकवत मी तिथे पोचले. दार धाडकन आपटायचं, मग वास यायचा, मग पुन्हा दार. पंख्याच्या जाळीत कुणाचा तरी मोजा अडकला होता, रात्रभर तो माझ्या तोंडापुढे हलत होता. मनमाडला आठवलं की पाण्याची बाटली जुन्या जागेवरच राहिली. परत तीन डबे. २५ नंबरवर एक दाढीवाला विशीतला घोडा आडवा पडून क्रिकेटचे जुने व्हिडिओ बघत होता. आजी? ‘आज्जी नाशिकलाच उतरली.’ कानातलं न काढता सांगितलंन. माझी बाटली त्याच्या डोक्याशी होती. अर्धी प्यायलेली.

हॉटेलात गेल्यावर काउंटरवरचा माणूस तुमच्या मागे बघेल. बघू द्या. तो मिस्टरांना शोधत असतो. ‘सोबत कुणीच नाही? मग साहेबांना विचारतो.’ साहेब परवानगी देतात आणि भाडं दोघांचं लावतात.

जेवायला चार खुर्च्यांच्या टेबलावर बसू नका. दोन खुर्च्यांच्याही नको.

वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. शनिवार-रविवारी दोन्ही उघडं, म्हणून सगळा महाराष्ट्र तिथेच असतो.

दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी आहे. शत्रू आत शिरला तर त्याला वाट सापडू नये, म्हणून खडकातून काढलेला काळाकुट्ट वळणावळणाचा रस्ता. आता तिथे शत्रू येत नाही, शिट्ट्या मारणारी पोरं येतात. वटवाघळांनी तरी कुठे जायचं? याच गावात १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी आणली आणि माणसांना बिऱ्हाडासकट हलवलं. म्हणजे ‘जरा ॲडजस्ट करा ना, तिकडेही जागाच आहे’ याचा उगम इथला. काही वर्षांनी ‘चला परत’ म्हणाला. लोक त्याला वेडा म्हणतात. पण तो परत न्यायला तरी तयार झाला, माझ्या २५ नंबरचं तेवढंही झालं नाही.

बीबी का मकबऱ्यात फोटो काढायची तयारी ठेवा. स्वतःचे नव्हे. एकटी बाई म्हणजे पायांचा ट्रायपॉड. ‘ताई, एकच काढा.’ मग उभा, आडवा, मिनार पूर्ण येऊ दे, पिंट्या डोळे मिटतोय, परत. औरंगजेबाच्या बेगमेच्या, दिलरास बानूच्या या कबरीवर ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च झाल्याची नोंद आहे. बघा, त्या सात आण्यांचाही कुणीतरी हिशेब ठेवला. मी काढलेल्या चौदा फोटोंच्या बदल्यात माझा एक काढायचं फोटोतल्या सात जणांपैकी एकालाही सुचलं नाही.

जाऊ दे. आता जागा मागणाऱ्यांशी सरळच बोलते, उपरोध करून तुम्हाला कळतं कुठे?

तिकीट काढताना तिथे पर्याय असतो: किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच काढा. सगळ्यांना एकाच डब्यात जागा मिळाली तरच काढा, असाही असतो. आईंचे गुडघे गेल्या गुरुवारी दुखायला लागलेले नाहीत ना? मग त्या खुणेवर बोट ठेवायला काय झालं होतं? ते करायचं नाही, आणि चढल्यावर डब्यात नजर फिरवून एकटं कोण दिसतंय ते हेरायचं. सहा जणांच्या कुटुंबाकडे जागा मागायची तुमची हिंमत होत नाही, कारण तिथे भांडायला सहा तोंडं असतात. खरंच अडलेल्या म्हातारीला मी दहादा उठून जागा देईन, दिलीही आहे. पण म्हातारीला पुढे करून पोराची सोय लावता, ती उतरल्यावर तीन डबे चालत येऊन ‘ताई, तुमची जागा घ्या’ म्हणायची लाज वाटत नाही? आणि पाणी कसलं पिता दुसऱ्याचं?

रविवारी रात्री परतीच्या गाडीत चढल्या चढल्या मी चादर घालून आडवी झाले. पाच मिनिटांत डोक्याशी कुणीतरी उभं राहिलं.

‘ताई, एकट्याच आहात ना?’

‘हो,’ म्हटलं, ‘आणि झोपलेय.’

‘माणुसकीच राहिली नाही हो लोकांत’ हे मनमाड येईपर्यंत ऐकू येत होतं.