लोकांची पर्वा सोडा, असं सांगणं सोपं आहे

लोकांची पर्वा करू नका, आहात तसे जगा, असं सांगणाऱ्या पोस्ट रोज दिसतात. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी असेल, पण हा सल्ला मला पटत नाही. का पटत नाही ते आज सविस्तर लिहिते. लांबेल, सवडीने वाचा.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. जन्म इथला, सासर इथलं, सगळी नोकरीही इथल्याच मराठी प्राथमिक शाळांत झाली. आमच्याकडे नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, कोणाचा? मग घर, देवस्थान, आईचं माहेर, सगळं दोन मिनिटांत जुळतं. यात माया आहे, हे आधी सांगते. रात्री कुणाच्या छातीत कळ आली तर गाडी काढणारा याच वाड्यावरचा असतो. पण या जुळणीमुळेच इथे कुणी खरं बोललं तर त्याची किंमत त्या एकट्याला मोजून भागत नाही. मुलाला दारू सोडवायला दाखल केलंय हे बाहेर पडलं की त्याच्या बहिणीसाठी आलेलं स्थळ परत फिरतं. थोरल्याने हप्ते थकवले की धाकट्याला जामीनदार मिळत नाही. मग माणूस गप्प बसतो, आणि पुष्कळदा घरच्यांवरच्या मायेपोटी बसतो. त्याला खोटा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, वजें घ्या. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला माहेरहून तिच्या सासरी फराळ आणि फळफळावळ जाते, ते वजें. सासरची माणसं मग ते वाड्यावर घरोघर वाटतात. लेकीच्या नव्या घराला आपल्या हातचं खायला घालायचं, एवढी साधी आणि गोड कल्पना होती. आता कित्येक ठिकाणी ते टेम्पोतून येतं, आणि टेम्पो थांबला की समोरच्या घरांच्या खिडक्या उघडतात.

माझ्या ओळखीच्या एका घरात हे मी जवळून पाहिलं. बाप खाजगी बसवर ड्रायव्हर, लग्नाचं कर्ज अजून फिटायचं होतं. श्रावणातल्या एका संध्याकाळी मी गेले तर जेवणाच्या टेबलावर वही उघडी होती. डाव्या पानावर मुलीच्या सासरच्या वाड्यावरची घरं, उजव्या पानावर नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू, खाजें, चिवड्याची पाकिटं, नारळ, सफरचंदाच्या पेट्या. मुलीची आत्या म्हणाली, "घरामागे पाच नेवऱ्या बऱ्या दिसत नाहीत रे भाऊ, सात तरी कर." त्याने काही न बोलता पाच खोडलं आणि सात लिहिलं. मग किती तरी वेळ तो पेन हातात धरून त्या पानाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी क्रेडिट सोसायटीतून कर्ज काढलं. बायकोला सांगितलं, मालकाने थकलेला पगार दिला.

पुढची हकीकत मला त्या मुलीच्या सासूने सांगितली, ती आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. सामान इतकं आलं की वाटता वाटता चवथ संपली, उरलेल्या नेवऱ्या मऊ पडल्या, आणि व्याह्यांना उलट काय द्यायचं या चिंतेने तिच्या नवऱ्यानेही कुणाकडून तरी उसने घेतले. "आमकां नको होतं गं एवढं, पण नको म्हटलं तर त्यांना वाटेल आम्हाला कमी पडलं." एका घराने आपली ऐपत लपवली, दुसऱ्याने आपली नाराजी. दोन्हीकडची माणसं भली. ज्या लोकांसाठी हे सगळं झालं, त्यांना तुळशीच्या लग्नापर्यंत त्या नेवऱ्यांची आठवणसुद्धा राहिली नसेल.

लोक कितें म्हणटले, लोक काय म्हणतील, हे आमच्या हाडात इतकं कसं मुरलं, याचा मी खूप विचार केलाय. गोव्यात लपवणं ही एके काळी जिवावरची गोष्ट होती. इथलं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. १७३६ चं त्यांचं फर्मान वाचलं की अंगावर काटा येतो. धर्मांतर झालेल्या घरांनी अंगणात तुळस लावायची नाही, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. म्हणजे भाताच्या भांड्यात मीठ आहे की नाही इथवर राज्याची नजर पोचली होती, आणि ती नजर पोचायची ती शेजाऱ्याच्या डोळ्यांतून. आमचा मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून खाडीपलीकडे प्रियोळला आणला गेला तोही याच धास्तीने. ज्या मुलखात पिढ्यान् पिढ्या शेजारच्या घराची भीती बाळगून स्वयंपाक झाला, तिथल्या माणसांना दार ओढून घ्यायची सवय लागली तर नवल नाही, असं मला वाटतं. इन्क्विझिशन संपून दोनशे वर्षं झाली. दार अजून ओढलेलंच आहे.

दुसरं उदाहरण आपल्याच माणसांनी केलेल्या कोंडमाऱ्याचं. देवळांच्या सेवेतल्या कलावंत घराण्यांचं गाणं गोव्याने डोक्यावर घेतलं, पण त्या घरांतल्या माणसांना आपल्या पंगतीत बसवलं नाही. त्या समाजात जन्मलेल्या राजाराम पैंगिणकरांनी आपल्या जन्माची कथा आत्मचरित्रात उघडपणे लिहिली. त्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. पण मला त्यात मोठं काय वाटतं सांगू? ते एकटे धीट होऊन थांबले नाहीत. समाज संघटित केला, पोरं शिकवायची, मुली देवाला वाहायची चाल बंद करायची, यासाठी झटले. पाठीशी माणसं उभी राहतील अशी तजवीज केली की खरं बोलणं परवडतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये विचारेलच. सगळंच लपवणं वाईट असं मी म्हणत नाही. मत कुणाला दिलं, पगार किती, नवरा-बायकोत काय धुसफूस झाली, हे गावाला सांगायचं काही कारण नाही. निवडणुकीत सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना हसून हो म्हणणारी म्हातारी मला शहाणी वाटते. मराठी माध्यमाचंही तसंच. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याविरुद्धच्या मोर्चात चाललेल्या माझ्या काही सहकाऱ्यांची मुलं इंग्रजी शाळेत होती आणि ते ती गोष्ट दडवायचे. मराठी शाळेवर माझा जीव आहे, तरी मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. आईबाप म्हणून त्यांना एक भीती होती आणि शिक्षक म्हणून एक निष्ठा, दोन्ही खऱ्या होत्या.

माझी कसोटी एकच आहे. तुमच्या लपवण्याचं बिल दुसऱ्या कुणाच्या नावावर फाटतंय का?

लग्नात ते हमखास फाटतं. गोव्यात आपला नागरी कायदा वेगळा, १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतून आलेला आणि इथे १८७० पासून लागू. आपण आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या करतो, मंडप मागाहून कधीतरी. घरच्यांच्या लेखी लग्न व्हायचं असतं, पण कायद्याच्या लेखी सह्या पुऱ्या झाल्या की ती दोघं नवरा-बायको. त्या मधल्या महिन्यांत दडवलेली गोष्ट बाहेर आली तर निमूटपणे नारळ परत करून सुटता येत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. मला अशी एक मुलगी माहीत आहे. मुलाचं मन दुसऱ्या एका मुलात गुंतलेलं होतं. आईने अन्न सोडलं म्हणून त्याने सह्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ कलमाखालचा समलिंगी संबंधांचा तो गुन्हा पुसून टाकला, पण आमच्या घरांच्या ओट्यांवर तो निकाल अजून पोचलेला नाही. त्या मुलाची मला दया येते, मनापासून येते. पण कोर्टाच्या कागदावर नाव कुणाचं चढलं? त्या मुलीचं. तिच्या पुढच्या प्रत्येक स्थळाला "सह्या झाल्या होत्या ना तिच्या?" हा प्रश्न चिकटला. मुलाच्या आईने लोकांना सांगितलं, मुलीचंच काहीतरी होतं. त्या बाईचा मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

पुरुषांचं दुखणं आणखी वेगळं. आमच्याकडे जत्रेला, काल्याला नाटक असतंच, गावचीच माणसं करतात. एका वर्षी एका दुकानदाराने बापाची भूमिका केली होती. मुलगा घर सोडून जातो आणि बाप उंबऱ्यात बसून रडतो, असा प्रवेश. त्या माणसाचा स्वतःचा मुलगा परदेशात, घराशी बोलणं तोडलेलं, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तो असा रडला की वाक्यं विसरला, प्रॉम्प्टरने दोनदा सांगूनही त्याच्या तोंडून शब्द फुटेना. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी दुकानात जो तो म्हणत होता, काय काम केलंस! मुलाबद्दल एकानेही विचारलं नाही. त्यानेही तराजूवरून डोळे वर केले नाहीत. इतक्या माणसांसमोर रडायची मुभा त्याला होती, पण ते रडणं भूमिकेचं आहे असं सगळ्यांनी मिळून मानायचं होतं.

मनाच्या आजाराचं तर बोलायलाच नको. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळही आहे आणि मानसोपचाराचं सरकारी इस्पितळही. त्यामुळे "बांबोळीला जाऊन आलो" म्हटलं की पुढे कुणी खोदून विचारत नाही, गुडघा असेल किंवा साखर. या आडोशाने अनेक घरं चालली आहेत. आडोसा मिळतो, पण गोळ्या देवघराच्या फडताळात लपवाव्या लागतात, पाहुणे आले की दुपारचा डोस चुकतो आणि माणूस पुन्हा आजारी पडतो. पाहुण्यांपुढे घर नीटनेटकं दिसावं म्हणून आजारी माणसाची गोळी चुकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मी म्हणते, लपवणाऱ्याला उपदेश करणं थांबवूया आणि ऐकणाऱ्यांकडे वळूया. ऐकणारे आपणच आहोत. 'सांगात' ही संस्था १९९६ पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करते. डॉक्टर नसलेल्या साध्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून समुपदेशन करायचं, ही त्यांची पद्धत जगभर अभ्यासली गेली. तिचा उपयोगही झाला. ऐकायला फार मोठी पदवी लागत नाही. ऐकलेलं पोटात ठेवावं लागतं, आणि सांगणाऱ्याकडे उद्याही कालच्याच नजरेने बघावं लागतं. आपण काय करतो? "कुणाला सांगू नको हां" म्हणत तेच पुढच्या घरी पोचवतो. स्थळाची चौकशी करणाऱ्याला डोळ्यांनीच काहीतरी सुचवतो. वज्याचे डबे मोजतो. ज्या 'लोकां'ची सगळ्यांना भीती वाटते ते लोक कुठे दुसरीकडे राहत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या भजनी मंडळात एक वहिनी आरतीनंतर, तबक हातात असतानाच, सरळ म्हणाल्या, "माझ्या थोरल्याला डिप्रेशन आहे. औषधं चालू आहेत. पुढच्या गुरुवारी मला यायला जमणार नाही, त्याला घेऊन इस्पितळात जायचंय." क्षणभर कुणाला काय बोलावं सुचेना. मग सगळ्यांत म्हाताऱ्या काकींनी विचारलं, "जेवतो ना गो तो नीट?" वहिनी म्हणाल्या, आता जेवतो. काकी म्हणाल्या, बरं झालं, आणि प्रसाद वाटायला घेतला. आठवड्याभरात मंडळातल्या दोघींनी त्या वहिनींना वेगवेगळं गाठलं. केसपेपर कुठे काढायचा आणि सकाळी किती वाजता गेलं तर नंबर लवकर लागतो, एवढंच त्यांना विचारायचं होतं.