बाटलीला मूगडाळ चिकटवण्याआधी

परवा सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत आली तेव्हा मी हातात एक बाटली घेऊन फाटकाशी उभी होते. काचेची बाटली, तिला गळ्यापर्यंत सुतळी गुंडाळलेली, सुतळीवर मूग आणि मसूर फेविकॉलनं चिकटवून केलेलं मोरपीस, वरून चमकी. गाडीवरच्या दादानं ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "आंटी, ये किसमें डालूँ?"

प्रश्न रास्त होता. आमच्या इंदूरमध्ये ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असा सहा तऱ्हांनी कचरा वेगळा द्यायचा असतो. डाळ ओल्यात जाईल, काच सुक्यात, चमकी म्हणजे प्लास्टिकच. मग अख्खी बाटली कशात? मी ती मुकाट्यानं घरात परत आणली.

बाटली माझीच कलाकृती. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून मी अशा बावीस बाटल्या केल्या आणि एकवीस वाण म्हणून लुटल्या. केवढं कौतुक झालं होतं! जुलैत पाऊस लागला आणि आमच्या शोकेसमधल्या मोरपिसातून भुंगे बाहेर पडायला लागले. बाकीच्या एकवीस घरांत काय झालं ते कुणी मला सांगितलं नाही. लोकमान्य नगरातल्या बायका सभ्य आहेत.

आता खरं बोलते. त्या बावीस बाटल्या फुकट होत्या, पण त्यांच्यासाठी फेविकॉलचा डबा, ग्लू गनच्या कांड्या, चमकीच्या डब्या, ॲक्रिलिक रंग आणि लेस असं साडेनऊशे रुपयांचं कोरं सामान मी बाजारातून आणलं. ग्लू गनची कांडी म्हणजे प्लास्टिक. चमकी म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर चढवलेला धातूचा मुलामा, बारीक कापलेला. आणि काच? कोरी काच भट्टीत वितळवली की पुन्हा काच होते, कितीही वेळा. त्या बाटल्या तशाच भंगारवाल्याला दिल्या असत्या तर आज त्यांच्या दुसऱ्या बाटल्या झाल्या असत्या. मी त्यांची ती वाट बंद केली, वर हौसेनं फोटोही टाकले.

2017 मध्ये आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्याचा अभिमान मलाही आहे. शहरालगतच्या देवगुराडियाला 550 टन ओल्या कचऱ्यातून रोज गॅस तयार करण्याचा प्रकल्प 2022 पासून आहे, त्या गॅसवर सिटी बस धावतात. पण ते सगळं उभं आहे ते घराघरात बायका (हो, बहुतेक बायकाच) कचरा नीट वेगळा करतात त्याच्यावर. तिथे माझ्या मोरपिसाचं काय करायचं?

शाळांचं 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' तर विचारूच नका. आइस्क्रीमच्या काड्यांची कोरी पाकिटं दुकानात मिळतात, आदल्या रात्री आई-बाबा धावत जाऊन आणतात. आइस्क्रीम कुणी खाल्लेलंच नसतं.

मी काही हौसेच्या विरोधात नाही. यंदा पुन्हा वाण घरीच केलं, पण वेगळं. आत्याची एक माहेश्वरी साडी होती, गर्द जांभळी. घड्यांवर अशी विरली होती की हात लावला की फाटायची. काठ मात्र शाबूत. माहेश्वरीचे काठ दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, त्यामुळे उलट-सुलट कसेही वापरता येतात. विरलेला भाग काढून टाकला, बऱ्या भागाचे वीतभर चौकोन कापले, खाली काठ येईल असे बेतले. आतून जुन्या सुती परकराचं अस्तर, वर नेफा, नेफ्यातून दोन नाड्या समोरासमोर ओढलेल्या. शिलाई हातानं, धावदोऱ्याची. एका साडीत अठ्ठावीस बटवे झाले, चिकटवलेलं काही नाही. कुणाला नको झाला तर दोरा उसवावा, कापड पुन्हा कापडच.

आजी गोधडी शिवायची ती कला म्हणून नव्हे, थंडी वाजायची म्हणून. बटव्याचंही तसंच. समोरच्या काकूंनी त्यात गुडघ्याच्या गोळ्या ठेवल्यात, आमच्या वहिनी भाजीचे सुट्टे पैसे. एकीनं लाडू गोपाळाचे दागिने ठेवलेत म्हणे. शोकेसमध्ये एकही नाही, याचा मला फार आनंद आहे.

ती बाटली आता तीन दिवस कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली आहे. डाळ सुटली, सुतळी सुटली, पण चमकी बादलीला, मोरीला आणि आमच्या ह्यांच्या कानामागे चिकटली आहे. सापडत राहते.

एक अडचण आहे, माहीत असेल तर सांगा. बाजारातून आणलेली नाडी निघाली नायलॉनची. गाठ धरत नाही, दोन वेळा ओढली की सुटते. काकूंच्या गोळ्या परवा रिक्षात सांडल्या. गोल विणलेली सुती नाडी इंदुरात नक्की कुठे मिळते? आणि कुणाकडे विरलेली माहेश्वरी असेल तर बोहारणीला देऊ नका. मी येऊन घेऊन जाईन.