पेनड्राइव्हला दोष देऊ नका, आणि तो शॉर्टकट आधी काढा

वडोदऱ्यातल्या मराठी ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज आता रावपुऱ्यातल्या मावशीपर्यंत पोचलाय, म्हणून लिहावं लागतंय. मजकूर थोडक्यात असा: "मंडळाच्या जुन्या फोटोंचं ऑफलाइन पान उघडत नाही, कारण क्रोम डी ड्राइव्ह आणि पेनड्राइव्ह ब्लॉक करतं. सगळं सी ड्राइव्हवर टाका, अँटिव्हायरस बंद करा, 'डिसेबल वेब सिक्युरिटी'चा शॉर्टकट बनवा. तरी नाही झालं तर फायरफॉक्समध्ये 'फाइल युनिक ओरिजिन' फॉल्स करा."

ड्राइव्हचा इथे काहीएक संबंध नाही. डबल क्लिकने उघडलेली प्रत्येक फाइल क्रोम वेगळ्या घरची धरतं, एकाच फोल्डरमधल्या दोन फाइलीसुद्धा. फोटो, सीएसएस (पानाची सजावट), साधी स्क्रिप्ट (पानातला छोटा प्रोग्राम) चालते. पानाने फेच ही आज्ञा वापरून जेसन (माहितीच्या यादीची वेगळी फाइल) वाचायला घेतलं, किंवा स्क्रिप्ट मॉड्यूल या प्रकारची लावली असली, की अडतं. एफ१२ दाबून कन्सोल बघा, 'ओरिजिन नल' (फाइलीला घरच नाही) आणि 'कॉर्स' (दुसऱ्या घरचं वाचायचे नियम) असं लाल अक्षरांत दिसेल. सी ड्राइव्हवरही हेच दिसेल.

"पण आमचं सीवर टाकल्यावर चाललं!" चाललं असेल, नाही म्हणत नाही. पान झिपमध्ये, म्हणजे फाइलींच्या बांधलेल्या गाठोड्यात, आलं असेल आणि ती न सोडवता आतलं पान उघडलं तर विंडोज तेवढी एकच फाइल टेम्प या तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतं, फोटो झिपमध्येच राहतात. कॉपी करताना तुम्ही झिप सोडवलीत, म्हणून फोटो दिसले. किंवा पानात सी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता लिहिलेला असेल. पेनड्राइव्ह आज ई, उद्या एफ होतो, त्यामुळे पत्ते कायम सापेक्ष हवेत, म्हणजे ड्राइव्हचं अक्षर न लिहिता, पानाच्या फोल्डरपासून मोजलेले.

आता शॉर्टकट. मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हाच. एका साइटने दुसऱ्या साइटचा मजकूर वाचू नये ही आडकाठी त्याने त्या खिडकीतल्या सगळ्याच साइटींसाठी निघते. डेस्कटॉपवर क्रोमचंच चिन्ह दिसतं, सवयीने त्यावरच क्लिक होतं, त्यातच बँकेत लॉगिन होतं, आणि शेजारच्या टॅबमधली कुठलीही फडतूस साइट ते पान वाचू शकते. वर एक पट्टी इशारा देते, ती कोण वाचतं? बरं, क्रोम आधीच त्याच प्रोफाइलवर चालू असेल तर हा फ्लॅग, म्हणजे शॉर्टकटमधली ही जादा सूचना, लागूच होत नाही. म्हणून मेसेजवाले वेगळं डेटा फोल्डर द्यायला सांगतात.

फायरफॉक्सचा सल्ला तर कहर आहे. जुलै २०१९ मध्ये, ६८व्या आवृत्तीत, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने डबल क्लिकने उघडलेल्या पानाने शेजारच्या फाइली वाचायची पळवाट मुद्दाम बुजवली. त्यांची सूचना, सीव्हीई-२०१९-११७३० (हा त्या सुरक्षा-त्रुटीचा नोंद क्रमांक), वाचा: सेव्ह केलेली एचटीएमएल फाइल त्याच फोल्डरमधल्या, नाव ओळखता येणाऱ्या फाइली वाचून बाहेर पाठवू शकत होती. अँड्रॉइडवरच्या एका लोकप्रिय मेसेजिंग अ‍ॅपच्या ठरावीक साच्यातल्या फाइलनावांमुळे इतरांनी पाठवलेल्या अटॅचमेंटही वाचता येतात, हे करून दाखवलं गेलं होतं. म्हणजे फॉरवर्डमधून येणाऱ्या फाइलींचं जे दार बंद केलं, ते उघडा असं फॉरवर्डमधूनच सांगताय!

अँटिव्हायरसचा कॉर्सशी संबंध नाही. चालू ठेवा.

करायचं ते एवढंच. झिप कुठल्याही ड्राइव्हवर पूर्ण सोडवा. त्या फोल्डरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये सीएमडी टाइप करून एंटर दाबा. संगणकावर पायथन ३ (प्रोग्रामिंगची भाषा) असेल तर काळ्या खिडकीत 'पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८००० --बाइंड १२७.०.०.१' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८००० उघडा. बाइंड गाळलात तर त्याच वायफायवरच्या इतरांनाही फोल्डर दिसू शकतं. काम झालं की काळी खिडकी बंद करा.

पान बनवणाऱ्यांनी तर एवढंही लोकांवर टाकू नये. जेसनमधली यादी एका जेएस (जावास्क्रिप्ट) फाइलीत व्हेरिएबल म्हणून ठेवा, साध्या स्क्रिप्ट टॅगने जोडा, मॉड्यूल लावू नका. मग मावशीला नुसत्या डबल क्लिकने पेनड्राइव्हवरूनही फोटो दिसतील.