पिचरवर पैसे लावताय? आधी त्याचं कोपर बघा

झालं, पुन्हा तेच! आज बेसबॉलमधल्या एका महागड्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) 'फोरआर्म टाइटनेस'ची, म्हणजे कोपराखालचा हात आखडल्याची बातमी आली आणि आमच्या फँटसी लीगच्या (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या खेळाच्या) ग्रुपवर 'बॅड लक, बॅड लक'चा जप सुरू. कसलं डोंबलाचं लक? फोरआर्म आखडला म्हणजे अनेकदा कोपरातलं लिगामेंट कुरकुरत असतं, हे एव्हाना पाठ हवं.

पिचर जेकब डेग्रॉम आठवा. २०२१ आणि २०२२ मिळून त्याचे जेमतेम २६ स्टार्ट्स (सुरुवातीपासून टाकलेले सामने). तरी टेक्सस रेंजर्स संघाने ५ वर्षांचे १८.५ कोटी डॉलर मोजले. २०२३ मध्ये ६ स्टार्ट्स, आणि मग दुसऱ्यांदा टॉमी जॉन, म्हणजे कोपराच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया. वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) त्यांनी त्या वर्षी जिंकली, पण ऑक्टोबरच्या बाद फेऱ्यांमध्ये त्याने एकही चेंडू न टाकता!

फँटसीतल्या २६० डॉलरच्या (अख्ख्या संघाचं बजेट) लिलावात आपणही हेच करतो. ईआरए (पिचरने नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी) बघून पूर्ण मोसमाच्या १८० इनिंग्जचा भाव देतो. मागच्या तीन मोसमांच्या इनिंग्ज बघा की आधी. १२० च मिळतील असं दिसलं, तरी भाव थेट एक तृतीयांशाने उतरवू नका, कारण उरलेल्या ६० इनिंग्ज १ डॉलरवाला कुणीतरी टाकतोच. मात्र लीगमध्ये आयएलच्या (जखमींच्या यादीच्या) वेगळ्या जागा नसतील तर जखमी माणूस बेंच अडवून बसतो. मग भाव निर्दयपणे कापा.

मोसम सुरू झाल्यावर वेगावर नजर ठेवा. फास्टबॉल नेहमीपेक्षा ताशी दीड मैलाने उतरला आणि सलग दोन स्टार्ट्स तसाच राहिला, तर विका. (मार्चमधल्या सराव सामन्यांचे आकडे सोडा, तेव्हा बरेच जण हळूच टाकतात.)

हो, २०२५ मध्ये डेग्रॉमने १७२ इनिंग्ज टाकल्या, मान्य. तोवरचे दोन मोसम कुणाच्या खिशातून गेले?

आणि तो प्रश्न कोपराचा होता. खांदा किंवा थोरॅसिक आउटलेट (मान-खांद्याजवळ नसा दबण्याचा त्रास) असेल तर मी बोलीच लावणार नाही. वॉशिंग्टन नॅशनल्सचा पिचर स्ट्रासबर्ग बघा: २४.५ कोटी डॉलरचा करार, त्यात जेमतेम ८ स्टार्ट्स. त्याच्यावर मीम्स करणाऱ्यांचा मात्र संताप येतो. त्या माणसाने २०१९ ची वर्ल्ड सिरीज जिंकून दिली होती, हात झिजवून.

शहाणपणा बॉस्टन रेड सॉक्स संघाने दाखवला. २००९ मध्ये पिचर जॉन लॅकीच्या करारात कलमच घातलं: कोपराच्या शस्त्रक्रियेत वेळ गेला तर २०१५ चं वर्ष किमान पगारात. गेलाच. मधेच लॅकीला सेंट लुईस कार्डिनल्सकडे दिल्यामुळे ते वर्ष आयतं त्यांच्या पदरात पडलं, २१८ इनिंग्ज, साधारण ५ लाख डॉलरांत.

कीपर लीगवाल्यांनो (म्हणजे खेळाडू पुढच्या मोसमासाठी राखून ठेवता येणाऱ्या लीगवाल्यांनो), तुमच्याकडे असं कलम नाही, पण शस्त्रक्रियेची तारीख तर आहे? परतायला १२ ते १८ महिने धरा. एप्रिलमध्ये झाली असेल तर पुढच्या उन्हाळ्यासाठी २-३ डॉलरांत उचला. सप्टेंबरमध्ये झाली असेल तर पुढचा अख्खा मोसम गेला समजा, आणि १ डॉलरही लावू नका.