एका ट्रकमालकाला उत्तर: तांबडी धूळ, काळी धूळ

नमस्कार. तुम्ही नावाऐवजी ‘एक ट्रकमालक, सावर्डे’ एवढीच सही केलीत, तेव्हा ट्रकमालकबाब म्हणतो, राग मानू नका. चीनच्या झपाट्याच्या वाढीवर आणि गोव्याच्या लोहखनिजावर मी लेख लिहिला, त्यावर तुम्ही तीन गोष्टी सुनावल्या. युरोप-अमेरिकेने दोनशे वर्षं धूर सोडला, त्याबद्दल अवाक्षर नाही. खाणी बंद पडून आमच्या चुली विझल्या, त्या पणजीत बसून दिसत नाहीत. आणि तुमच्या छपरावरची सौर पॅनेलं तरी कुठली?

पहिली गोष्ट मान्य. कार्बन डायऑक्साइड सोडण्यात, वर्षाच्या हिशेबात, चीनने २००६ च्या सुमारास अमेरिकेला मागे टाकलं, हे मी ठसठशीत लिहिलं आणि तिथेच थांबलो. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो, म्हणजे मागची बाकी धरल्याशिवाय हिशेब होत नाही; आणि आजवर जगाने जेवढा सोडला त्यातला साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. माणशी बघितलं तर अमेरिकन वर्षाला १४ टनांच्या आसपास, चिनी ८-९, आपण २. त्यात चीनच्या धुरातला बराच धूर दुसऱ्यांच्या घरातली खेळणी, कपडे, फोन बनवताना निघालेला. हे सगळं लेखात यायला हवं होतं.

पण ट्रकमालकबाब, देशाची वाढ मोजतात ती सरहद्दीच्या आत. तिची माती जाऊन पडते जिकडे उतार असेल तिकडे, हे माझं म्हणणं होतं आणि आहे. १९९८ साली यांगत्सेला मोठा पूर आला, चीनने शहाणपणाने आपली नैसर्गिक जंगलं तोडणं थांबवलं. लाकडाची भूक मात्र थांबली नाही, ती रशिया आणि म्यानमारच्या जंगलांकडे वळली. घर झाडून केर शेजाऱ्याच्या परसात, तसंच.

आमचं परस म्हणजे गोव्यातले खाणींचे तालुके: डिचोली, सत्तरी, सांगे, केपें. २००० साली चीन सुमारे १३ कोटी टन पोलाद करत होता, २०१० साली ६४ कोटी. आमचा माल हलक्या प्रतीचा, देशातले कारखाने त्याला नाक मुरडत. चीनने तो भारी खनिजात मिसळून घेतला. इथे खरी गंमत झाली, गंमत म्हणायचं तर. माल जपानला जायचा त्या काळापासून जो बिनकामाचा म्हणून ढिगांवर टाकला होता, तोही विकला जाऊ लागला. डोंगर विकून झाले होते, आता डोंगरांची रद्दी विकली. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त खनिज गेलं. एक टन खनिज काढायला साधारण अडीच-तीन टन माती उपसावी लागते. ती चीनला जात नाही, इथेच राहते.

आता तुमची दुसरी गोष्ट. मी पणजीत बसत नाही, डिचोली तालुक्यात राहतो. आमचं शेत डंपच्या, म्हणजे खाणीतून उपसलेल्या मातीच्या ढिगाच्या, खालच्या अंगाला. पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीला वरून तांबडा गाळ यायचा, बांध ओलांडून सरळ भातात. ओला असताना लोण्यासारखा. उन्हात वाळला की असा घट्ट बसायचा की नांगर वरच्यावर घसरे. बाबांनी दोन वर्षं फावड्याने तो काढून बांधावर टाकला, तिसऱ्या वर्षी फावडं माळ्यावर ठेवलं. खाणीच्या खड्ड्यातून रात्रंदिवस पंप चालत, आणि वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला, पाणी देणारी झर आटली. कंपनीकडे गेलो तेव्हा थोडीफार नुकसानभरपाई मिळाली. तेवढ्यासाठी शेत गेलं असं बाबा शेवटपर्यंत म्हणत.

आणि त्याच घरात माझ्या थोरल्या भावाने कर्ज काढून ट्रक घेतला. पैसे खेपेवर, म्हणून पहाटेपासून खेपांची शर्यत. आई तुळशीला पाणी घालायची ते आधी पानं धुवायला. त्याच ट्रकच्या पैशांवर आमच्या घरावर स्लॅब पडला आणि माझं कॉलेज झालं. हे लपवायचं कशाला? सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने. भावाचा ट्रक अंगणात उभा राहिला, हप्ते उभे राहिले नाहीत. २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, तोवर त्याने तो पडत्या भावात काढून टाकला होता. म्हणून विझलेली चूल मी पाहिली आहे. बीजिंगमध्ये इमारती भराभर उठत होत्या तेव्हा आपण हप्त्यांवर ट्रक घेतले आणि मागणी कायमची आहे असं धरून चाललो. ही चूक भावाची तशी तुमची. आणि ज्यांनी तसं धरायला लावलं त्यांची तर सर्वांत मोठी.

पॅनेलांचं उत्तर सोपं आहे: चिनी. जगातली बहुतेक पॅनेलं चीनच बनवतो, आणि गेल्या दशकभरात ती एवढी स्वस्त झाली त्याचं मोठं श्रेय त्याच्या प्रचंड कारखान्यांना. बनवताना कोळशाची वीज लागते, हेही खरं. एकाच देशाच्या वाढीत विष आणि औषध दोन्ही असू शकतं, मला त्यात विसंगती वाटत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, ती मीच सांगतो. माझी मावशी वास्कोला राहते. तिच्या खिडकीच्या चौकटीवर सकाळी ओला फडका फिरवला की काळा निघतो. मुरगाव बंदरात परदेशातून आलेला कोळसा उतरतो आणि रेल्वेने कुळे, कॅसलरॉकमार्गे घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. मोलेंच्या जंगलातून त्याच रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. पोलाद करण्यात भारत आता चीननंतर दुसरा आहे. ही भूक आपली स्वतःची. तिच्याबद्दल चीनला बोल लावता येणार नाही, आणि त्या कोळशाच्या खाणीशेजारी ऑस्ट्रेलियात कुणी राहत असेल, तर त्याच्या लेखात आपलं नाव येईल.

मूळ लेखातला आकड्यांचा परिच्छेद आज रात्री दुरुस्त करतो. तुमच्या ट्रकचं पुढे काय झालं, ते मात्र प्रतिक्रियेत लिहिलं नाहीत.