लव्हाळा, फवारणी आणि माझ्या लेखातली एक चूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बारमाही फुलझाडांच्या वाफ्यातील चिवट तणांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपली सविस्तर प्रतिक्रिया आली, ती मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : लेखात सांगितल्याप्रमाणे आपण नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आपल्या वाफ्यात जुलैमध्ये कुदळीने लव्हाळा खणून काढला, वर काळा मल्चिंग पेपर (माती झाकायचे पातळ प्लॅस्टिक) अंथरला, आणि दीड महिन्यात पहिल्यापेक्षा दाट लव्हाळा तो कागद भोसकून वर आला. खणल्याने गाठी तुटतात आणि तण वाढते, हे शेतकऱ्याच्या घरातले लहान मूलही जाणते. माळ्याची मजुरी पाहता ग्लायफोसेट या तणनाशकाची एक फवारणी स्वस्त आणि खात्रीची. आणि हे सारे ठाऊक असूनही 'सेंद्रिय' म्हणवून घेण्याच्या हौसेपायी मी लोकांना उन्हात राबवते. यातले शेवटचे वाक्य मी बाजूला ठेवते. बाकीच्या तीन मुद्द्यांना उत्तर देणे मला भाग आहे, कारण त्यातल्या एका मुद्द्यावर आपले पूर्णपणे बरोबर आहे आणि दुसऱ्यावर निम्मे.

बरोबर आहे तो मुद्दा आधी. मल्चिंग पेपरने लव्हाळा थांबत नाही. त्याचा कोंब दाभणासारखा टोकदार असतो आणि पातळ प्लॅस्टिकला तो सरळ छेद देतो. दिंडोरी-पिंपळगावकडे टोमॅटोच्या शेतांत मी मल्चिंग पेपरवरच्या स्वच्छ सऱ्या पाहिल्या होत्या आणि त्यावरून मनाशी निष्कर्ष काढून मोकळी झाले होते; त्या शेतात मुळात लव्हाळा होता की नाही, हे विचारण्याचे मला सुचले नाही. घोळ, माठ, दुधी, गाजर गवत अशी बियांपासून उगवणारी तणे त्या कागदाखाली उजेडाअभावी मरतात, एवढाच त्याचा उपयोग आहे. हराळी कागद फोडत नाही, पण त्याच्या खालून धावत जाऊन रोपाच्या भोकातून किंवा कडेने बाहेर पडते, म्हणजे तीही सुटतेच. लेखातले ते वाक्य मी आज काढून टाकले आहे. आपले श्रम आणि पैसे त्या वाक्यामुळे वाया गेले, याबद्दल मी दिलगीर आहे.

आता खणण्याविषयी. लव्हाळा दिसायला गवतासारखा असला तरी तो गवताच्या कुळातला नाही, आणि जमिनीवर जे दिसते तो त्याचा किरकोळ भाग असतो. खरा लव्हाळा जमिनीखाली असतो : दोऱ्यात मणी ओवावेत तशा एका बारीक खोडावर एकामागून एक गाठी, बहुतेक वरच्या अर्ध्या फुटात, काही त्याहून खोल. माळेतली एक गाठ फुटून वर आली की ती बाकीच्यांना झोपवून ठेवते. कुदळीच्या घावाने माळ तुटली की हा धाक संपतो आणि झोपलेल्या गाठी स्वतंत्रपणे फुटू लागतात. म्हणून खणल्यावर लव्हाळा दाट झाला, हे आपले निरीक्षण अचूक आहे.

मात्र त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. झोपलेली गाठ वर्षानुवर्षे तशीच राहू शकते आणि तिच्यापर्यंत ना आपला हात पोहोचतो ना कुठले औषध. जागी झालेली गाठ मात्र पाने वर काढण्यासाठी स्वतःची साठवलेली शिदोरी खर्च करते. ती पाने कमावती होऊन नव्या गाठी भरू लागायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. त्याआधी पाने कापली गेली, तर गाठीचा खर्च होतो आणि मिळकत शून्य. तिच्यावर एकाहून अधिक डोळे असल्यामुळे ती पुन्हा फुटते, पुन्हा खर्च करते, आणि हे पुरेशा वेळा झाले की संपते. खणण्याचा हेतू एका दिवसात सगळ्या गाठी वेचून काढण्याचा नाही, तो कोणाला जमतही नाही. झोपलेल्यांना उठवायचे आणि मग दर पंधरवड्याला उपाशी ठेवायचे, यासाठी खणायचे असते. एकदा खणून सोडून देणे हे न खणण्यापेक्षा वाईट. माझ्या लेखात मी खणण्यावर चार परिच्छेद लिहिले आणि नंतरच्या खुरपणीबद्दल 'अधूनमधून' एवढा एकच शब्द वापरला. आपली फसगत त्या शब्दाने झाली असे मला वाटते, आणि ती जबाबदारी माझी.

हा धडा मी स्वतःच्या वाफ्यात शिकले आहे. गंगापूर रोडवरच्या आमच्या अंगणातला वाफा बारा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. त्यात निशिगंध, शेवंती, डे लिली आणि दोन गुलाब. पहिल्या वर्षी मीही आपल्यासारखेच पावसाळ्यात खणले, मग घरात पाहुणे, मग गणपती, आणि भाद्रपद संपेपर्यंत निशिगंधाच्या पात्या लव्हाळ्यात शोधाव्या लागत होत्या. पुढच्या वेळी शेवंती फुलून गेल्यावर, फेब्रुवारीत, गुलाब सोडून सगळी झाडे मुळांसकट उचलली. बारमाही वाफ्यातली खरी अडचण इथे आहे : तणाची गाठ फुलझाडाच्या गड्ड्यातच दडून बसते, आणि वाफा कितीही स्वच्छ केला तरी तोच गड्डा परत लावला की लव्हाळाही परत लावला जातो. म्हणून प्रत्येक गड्डा बादलीत धुऊन, माती पूर्ण सोडवून, हाताने तपासावा लागतो. निशिगंधाची पिल्ले फिकट आणि पापुद्र्याची असतात. लव्हाळ्याची गाठ काळपट तपकिरी, केसाळ, टणक, आतून पांढरी, आणि नखाने चुरडली की तिला वास येतो. (तिलाच आयुर्वेदात मुस्ता म्हणतात. आमच्या शेजारच्या आजींनी उटण्यासाठी म्हणून मूठभर मागून नेल्या. बाकीच्या न्या म्हटल्यावर त्या हसल्या.)

धुतलेली झाडे स्वच्छ मातीच्या पिशव्यांत लावून सावलीत ठेवली आणि रिकाम्या वाफ्याला पाणी दिले, कारण कोरड्या मातीत गाठी उठत नाहीत. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावर, ती उलटी केली, पण कुदळीने नव्हे. पात्याचे अवजार माळ कापते. दात्यांच्या अवजाराने ढेकूळ उचलून हाताने फोडले तर माळ बरीचशी अखंड हाती येते. ज्या गाठी वर उघड्यावर पडल्या, त्या एप्रिलच्या उन्हात आठ-दहा दिवसांत वाळून खडखडीत झाल्या. मग पुन्हा पाणी, पुन्हा कोंब, पुन्हा खुरपे. मेअखेरपर्यंत अशा चार फेऱ्या झाल्या आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर झाडे परत लावली. त्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला ओंजळभर लव्हाळा निघत होता. त्याच्या पुढच्या वर्षी मोजला तेव्हा एका खुरपणीला पंधरा-वीस कोंब. पूर्ण गेला असे मी आजही म्हणणार नाही. वेचलेल्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, हे लेखात लिहायचे राहिले होते. मी त्या गच्चीवर पत्र्यावर वाळवते.

गुलाब उन्हाळ्यात उपटता येत नाहीत. त्यांच्या बुंध्याशी मी खणत नाही, दर दहा दिवसांनी लव्हाळा जमिनीलगत कात्रीने कापते. याला वेळ लागतो, पण लव्हाळ्याला सावली सोसत नाही, ही गोष्ट आपल्या बाजूने असते. कर्दळ किंवा सोनटक्का दाट वाढलेल्या जागी तो आपोआप दुबळा पडतो, आणि विरळ लागवडीच्या, नेहमी ओल्या राहणाऱ्या, उघड्या वाफ्यात माजतो. आपल्या छायाचित्रात दोन रोपांमध्ये दीड-दोन फूट मोकळी माती दिसते आहे, तिथे काहीतरी लावा.

आता ग्लायफोसेट. माझा आक्षेप निव्वळ हौसेचा नाही. हे औषध हिरव्या पानातून आत शिरते, रसाबरोबर वाढीच्या टोकांकडे जाते आणि वनस्पतीला काही आवश्यक अमिनो आम्ले तयार करू देत नाही. म्हणजे ते पोहोचायला पान लागते, आणि झोपलेल्या गाठीला पान नसते. जोमाने वाढणाऱ्या लव्हाळ्यावर फवारले तर त्याला जोडलेली गाठ मरू शकते. माळेतल्या बाकीच्या सावकाश उठतात आणि महिन्याभरात वाफा पुन्हा हिरवा दिसतो. म्हणून 'एक फवारणी' हे गणितच चुकीचे आहे, ती पुन्हापुन्हा करावी लागते. दुसरे असे की हे औषध तण आणि फूल असा भेद करत नाही. शेवंतीच्या पानावर किंवा गुलाबाच्या हिरव्या फांदीवर तुषार उडाले तर त्यांनाही तेच भोगावे लागते, आणि चार फूट रुंदीच्या वाफ्यात तुषार उडू न देता फवारणे मला तरी अशक्य वाटते.

तिसरी गोष्ट कायद्याची. भारतात ग्लायफोसेटची शिफारस चहाचे मळे आणि बिगरपिकाची जमीन यांच्यासाठी होती, आणि 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा असे बंधन घातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले. अमेरिका आणि युरोपमधल्या नियामक संस्थांचे मत तसे नाही, हेही सांगितले पाहिजे. या वादात मी न्यायाधीश होऊ इच्छित नाही. रिकामा प्लॉट लव्हाळ्याने भरला असेल आणि कोणी रीतसर व्यावसायिकाला बोलावले, तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण फुले लावलेल्या घरच्या वाफ्यात पंप पाठीवर घेऊन स्वतः फवारणे ही निराळी गोष्ट आहे.

याच ओघात एक सावधगिरी. दुकानात 'लव्हाळ्यावर काहीतरी द्या' म्हटले की पुष्कळदा टू-फोर-डी हे तणनाशक हाती पडते. त्याने लव्हाळ्याची पाने करपली तरी गाठी राहतात, आणि रुंद पानांची आपली सगळी फुलझाडे मात्र जातात. शिवाय आपण नाशिकमध्ये राहतो. द्राक्षवेल या औषधाला विलक्षण हळवी असते. वाऱ्यावर आलेल्या अंशानेही तिची पाने पंख्यासारखी चुरगळतात. मखमलाबाद किंवा आडगावच्या बाजूला घराच्या भिंतीपलीकडे बाग असेल आणि एप्रिलची खरड छाटणी किंवा ऑक्टोबरची गोडी छाटणी होऊन कोवळी फूट निघालेली असेल, तर आपल्या चार फुटी वाफ्यासाठी दुसऱ्याचा हंगाम पणाला लागतो. उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक वापरतात हेही मला ठाऊक आहे, पण जे उसाला सोसते ते शेवंतीला सोसेल असे गृहीत धरून चालणार नाही.

आपल्या प्रतिक्रियेखाली आणखी एका वाचकाने मीठ आणि व्हिनेगर ओतण्याचा उपाय सुचवला आहे. व्हिनेगरने फक्त पाने भाजतात. मीठ मात्र मातीत राहते, आणि आपल्या काळ्या चिकण मातीत सोडियम वाढले की तिची घडण मोडते, पाणी मुरत नाही, वाळल्यावर ती दगड होते. अशी सोडियमने बिघडलेली चोपण जमीन ज्याने पाहिली आहे तो हा प्रयोग करणार नाही.

मजुरीचा मुद्दा मात्र रास्त आहे. पहिल्या उन्हाळ्यातली उचलाउचल सोडली तर माझ्या अठ्ठेचाळीस चौरस फुटांना पंधरवड्याला अर्धा तास लागतो, म्हणून मला माळी लागत नाही. आपला वाफा याच्या चौपट आहे. तो एका वर्षात करायला जाऊ नका; एक चतुर्थांश भाग घ्या आणि उरलेल्या भागातला लव्हाळा नुसता कापत राहा. अर्धवट खणलेल्या मोठ्या वाफ्यापेक्षा पूर्ण सोडवलेला लहान तुकडा बरा.

शेवटी एक शंका. 'काही ठिकाणी ते जमिनीलगत पसरते आणि पेरापेराला मूळ धरते' असे आपण लिहिले आहे. लव्हाळा असा पसरत नाही, ती हराळी असावी. देठ बोटांत फिरवून पाहा : तीन कडा लागल्या तर लव्हाळा, गोल किंवा चपटा लागला तर गवत. हराळीचा उपाय वेगळा आहे. वाफसा असताना तिचा धावता पेरा हाताने धरून त्याच्या मागे मागे शेवटापर्यंत जायचे, आणि ती जिथून येते ती वाट बंद करायची. वाफ्याला लागूनच आपली हिरवळ आहे, म्हणजे वाट तीच. दोन्हींच्या मध्ये वीतभर खोल चर काढून त्यात शहाबादी फरशीचे तुकडे उभे पुरा आणि त्यांची कड जमिनीवर दोन बोटे वर राहू द्या. दूर्वा म्हणजे हराळीच; गणपतीच्या दूर्वांसाठी म्हणून हिरवळीचा एखादा कोपरा राखला असेल, तर दूर्वा कुंडीत हलवा.

सध्या पाऊस ओसरतो आहे. आता खणू नका. मल्चिंग पेपर काढा आणि फेब्रुवारीपर्यंत दर पंधरवड्याला जमिनीलगत कापत राहा. झाडे उचलण्याची वेळ आली की कळवा. गड्डे धुताना पिल्ले आणि गाठी यांत घोटाळा वाटला, तर छायाचित्र पाठवा, मी पाहून सांगेन.