म्हातारा शार्क की कुंडीतला कॅक्टस?

काल गोवावेसच्या कट्ट्यावर वाद असा पेटला की चहा कुणी हातात धरलाच नाही. विषय काय तर ग्रीनलंड शार्क आणि गोल्डन बॅरल कॅक्टस, जास्त वाट कुणाची लागलीय. बेळगावात बसून!

बंड्या शार्कवाला. उत्तर अटलांटिकच्या गारठ्यात २००० मीटरच्याही खाली जातो, वर्षाला सेंटीमीटरभरसुद्धा वाढत नाही आणि मादी वयात यायलाच दीडशे वर्षं. डोळ्याच्या लेन्सचा मधला भाग जन्माआधी बनतो तो पुढं बदलत नाही, म्हणून त्याचं कार्बन डेटिंग करून २०१६ ला वयं छापली, सगळ्यात मोठी मादी ३९२ वर्षांची.

"म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीची बे!"

"१२० वर्षं इकडंतिकडं होतील असंबी लिहिलंय त्यात, ते कोण सांगणार?" आप्पा. आप्पाची नर्सरी हाय, आकड्यात ऐकत नाही.

"कर की कमी १२०. तरी पानिपताच्या आधीचीच!"

हे मात्र बरोबर. आणि असली मादी दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात सापडून मरते, म्हणजे दीडशे वर्षांची वाट एका दिवसात खलास.

आप्पा म्हणाला, धोक्यातल्या जीवांची जी जागतिक लाल यादी असते, तिच्यात शार्क 'व्हल्नरेबल', माझा कॅक्टस 'एन्डेंजर्ड', म्हणजे धोक्याच्या एक पायरी पुढं. बंड्या हसला, "तुझ्या नर्सरीत पिवळ्या काट्यांचे गोळे ओळीनं मांडलेत, संपालाय कुठला?"

"ते बियांपासनं केलेले रे. मूळचा मेक्सिकोतल्या केरेतारोच्या कड्यांवरचा, तिथं ९० च्या दशकात झिमापानचं धरण झालं, कडे पाण्यात गेले, वर राहिलेले लोकांनी उपटून विकले. आपल्या हिडकल धरणात गावं बुडाली, त्यातली माणसं बेळगावात राहिली म्हणून गाव शिल्लक हाय म्हणतोस काय?"

इथं कट्टा जरा गप्प झाला. मला विचाराल तर मी आप्पाकडं, शार्कचं निदान पाणी तरी जागेवर हाय, जाळी आवरली तर पुढची पिल्लं वाढतील, वेळ लागेल म्हणा भरपूर, पण बुडालेला कडा कुठनं आणणार?

बंड्या कुठला सोडतोय. "मग तुझी रोपं उरलेल्या डोंगरावर नेऊन लाव, शार्कला तेवढीबी सोय नाही."

"लावली असती मर्दा. पण माझ्या कुंडीतलं बी मूळ कुठल्या कड्याचं ते मलाच ठाऊक नाही."